मेणबाईची विश्रांती

१

दुपारची जेवणं आटोपली की मेणबाई आतल्या खोलीत जायची, पडदा ओढून घ्यायची आणि उताणी पडायची. झोपायचं नाही, वाचायचं नाही, फोनला तर हातही लावायचा नाही. नुसतं पडून राहायचं. ज्यांना हे सुख वाटतं त्यांनी चार दिवस करून बघावं. छताच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटला होता. तो आज पडतो की उद्या, यावर तिने स्वतःशीच पैजा लावल्या होत्या आणि सगळ्या हरल्या होत्या.

मेणबाई हे अर्थातच टोपणनाव. ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यांत एकेक दात बसवायचा आणि माणसाच्या तोंडात शोभेल असं कोरकाम करायचं, हा तिचा हातखंडा. "लोकांना दात काढायला लावणं हाच आपला धंदा," असं लॅबचे मालक म्हणायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. मेणबाई हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि ते घरीदारी चिकटलं ते चिकटलंच.

आदल्या वर्षी तो विषाणूचा ताप घरात शिरला तेव्हा त्याने कुणालाच सोडलं नव्हतं. सासऱ्यांना आला, नवऱ्याला आला, सात वर्षांच्या चिमणीला इतका हलका आला की तिला शाळा बुडाल्याचाच आनंद जास्त झाला. यथावकाश सगळे बरे झाले. मेणबाईचाही ताप उतरला, पण उतरताना तिच्या अंगातलं सगळं बळ घेऊन गेला. अंघोळ केली तरी धाप लागायची. बोलता बोलता साधे शब्द हरवायचे. चमचा मागायचा तर "ते ढवळायचं द्या" म्हणायची पाळी. तपासण्या मात्र एकजात चांगल्या. "तुमचे रिपोर्ट माझ्या रिपोर्टपेक्षा छान आहेत," असं एक डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नियम घालून दिला. थकल्यावर नाही, थकायच्या आधी पडायचं. आज जास्त धावलात तर परवा अंग तुम्हाला आपटणार. मेणबाईने नियम तंतोतंत पाळला, कारण तिला एकच गोष्ट हवी होती. चिमणी घरात चवड्यांवर चालायला शिकली होती. आईच्या खोलीपाशी आली की श्वाससुद्धा हळू घ्यायची. त्या पोरीने पुन्हा एकदा बेधडक धावत येऊन अंगावर उडी मारावी, आणि ती आपल्याला झेलता यावी, एवढंच मेणबाईचं मागणं होतं.

आणि तरीही एका सकाळी अंगाने तिला आपटलं. आदल्या दोन दिवसांत तिने केस विंचरण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

"काहीतरी केलं असणार," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "नीट आठवून बघा."

मेणबाईने आठवून बघितलं. आठवण्यासारखं काहीच नव्हतं. पण दुखणं मात्र विचित्र होतं. एरवी सगळं अंग सरसकट दुखायचं, या वेळी ते जागा निवडून दुखत होतं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक कळ होती. मेणाची सुरी बराच वेळ धरली की येते, अगदी तीच. आणि पोटऱ्या भरून आल्या होत्या. लॅब तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिथे लिफ्ट नव्हती.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

२

सासऱ्यांची जुनी कवळी फार सैल झाली होती. ते बोलायला लागले की ती स्वतःच्या मताने चालायची. एकदा शिंकेसरशी ती वर्तमानपत्रावर जाऊन पडली, तर म्हाताऱ्याने आधी खालची बातमी वाचून घेतली आणि मग कवळी उचलली. लॅबच्या मालकांनी नवी करून द्यायचं कबूल केलं होतं. ती त्याच आठवड्यात आली.

"सूनबाई, बघ तरी!" सासरे दारातूनच बत्तिशी दाखवत म्हणाले. "आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना. काय घडवलीय तुझ्या माणसांनी!"

त्यांना हसताना बघून तिलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "द्या बरं इकडे," ती म्हणाली. त्यांनी धुऊन हातात दिली. तिने सवयीने उजेडाकडे धरली, उलटी केली, आणि तशीच धरून राहिली.

लॅबमध्ये सगळे दात सरळ रांगेत बसवत. मालकांची शिस्तच तशी. मेणबाई मात्र सुळ्याच्या अलीकडचा दात किंचित आत वळवायची, कारण देवाने दिलेलं कुठलंच तोंड इतकं सरळ नसतं. आणि टाळूच्या मागच्या कडेला अंगठा दाबून जिभेसाठी एक उथळ खळगा करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिच्याकडून कुणी घेतलंही नव्हतं. मालक तर त्या वळलेल्या दातावरून तिला बोलायचे. आपलं अक्षर आपल्याला दुरूनही कळतं, तसं तिला कळलं. दात वळला होता. तिने खळग्यावर अंगठा टेकवला, तो बरोबर बसला.

सासरे आत गेल्यावर तिने मालकांना फोन लावला.

"बाबांची कवळी कुणी केली हो?"

"म्हणजे? गंमत करताय का मेणबाई?" मालक हसले. "परवा दुपारी तुम्हीच नाही का बसून पुरी केलीत? घरची आहे, दुसऱ्याला हात लावू देणार नाही म्हणालात. आणि खरं सांगू? फार बरं वाटलं हो तुम्हाला बघून. अगदी पहिल्यासारख्या दिसलात."

"हो का," मेणबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

परवा दुपारी ती आतल्या खोलीत छताकडे बघत पडली होती. की नव्हती? जिला चमचा आठवत नाही तिला जिने आठवतीलच कशावरून? कदाचित आपण उठतो, जातो, काम करतो, परत येतो आणि विसरतो. हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं उत्तर होतं. गंमत म्हणजे तिला भीती वाटली नाही. घाबरायलासुद्धा बळ लागतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. तिला वाटलं ते निव्वळ कुतूहल. या गोष्टीचा छडा लावायचाच, असं तिने ठरवलं.

३

"बाबा, एक काम कराल? मी आत पडले की दाराबाहेर खुर्ची टाकून बसा. मी बाहेर आले तर मला अडवा."

"अडवू? मला काय पहिलवान समजलीस?"

"मग नुसतं बघा. पण डुलकी काढायची नाही."

सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओठांवर आलेली थट्टा गिळली. दुपारी त्यांनी खुर्ची आणून दाराला पाठ लावून टाकली. त्यांना ओलांडल्याशिवाय दार उघडणंच शक्य नव्हतं. खिडकीला जाळी होती.

मेणबाई पडून ऐकत राहिली. वर्तमानपत्राची सळसळ. स्वयंपाकघरातल्या नळाचं थेंब थेंब गळणं. सासऱ्यांचं खाकरणं. मग अंग एकदम हलकं झालं. दिवसभर खांद्याला असलेली जड पिशवी कुणीतरी हलक्या हाताने काढून घ्यावी, तसं. बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोला. आणि त्याच क्षणी बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी भराभर खाली उतरून गेलं.

"बाबा?"

"इथेच आहे."

"आत्ता कोण गेलं?"

"इथून कुणीच नाही. असेल वरच्या मजल्यावरचं कुणी."

संध्याकाळी चिमणी शाळेतून आली. ती रोज वरच्या मुलांबरोबर यायची, केसांच्या झिंज्या झालेल्या असायच्या. आज तिच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या, आणि गाल लालेलाल.

"कुणी गं घातल्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"आईने! शाळेच्या फाटकाशी." चिमणी आईकडे वळली. तिचे डोळे नुसते चमकत होते. "मला पाठंगुळीला घेऊन तू कोपऱ्यापर्यंत पळत आलीस ना! मग तिथून कुठे गेलीस? उद्या पण येशील?"

मेणबाईने एका वेणीचं टोक हातात घेऊन बघितलं. गाठ तिच्याच हातची होती.

चिमणी हातपाय धुवायला गेल्यावर सासरे हळूच म्हणाले, "सूनबाई, शपथेवर सांगतो. दार उघडलं नाही. मी तुझा श्वास ऐकत होतो."

नवरा कामावरून आला तो खुशीतच. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने त्याला गाठून सांगितलं होतं की तुमच्या मिसेस ठणठणीत झाल्या. "अगं, लपवतेस कशाला?" तो म्हणाला. "मी काय लगेच तुला कामाला जुंपणार आहे? मला आनंदच आहे." वर्षभर ऑफिस, स्वयंपाक, धुणं सगळं त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्याचा उजळलेला चेहरा बघून तिला खरं सांगवेना, आणि सांगायचं तरी काय, हेही तिला समजत नव्हतं.

परवा उजाडायच्या आतच अंगाने आपटलं. या वेळी खांदे धरले, आणि कमरेच्या वर एक जागा दुखायला लागली. सात वर्षांचं पोर पाठंगुळीला बसलं की त्याच्या गुडघ्यांनी दुखते, ती जागा. मेणबाई त्या दुखऱ्या जागेवर हात ठेवून पडून राहिली. तिला हेवा वाटला. ज्या पाठीवर पोरगी बसली तिला काहीच झालं नसेल, आणि जिच्यावर बसली नाही तिने हे सोसायचं, असला कसला न्याय?

४

जरा बरं वाटताच ती नियम मोडून निघाली. दुपारी, पडायच्या वेळी. सासऱ्यांची काठी घेतली, त्यांना "बघून येते" एवढंच म्हणाली. "काय बघायला?" असं त्यांनी विचारलं नाही. बसस्टॉपपर्यंत सोडायला मात्र आले.

तिला बघायचं होतं. ती चालते कशी? बोलताना तिचाही एखादा शब्द हरवतो का? ती आपल्यासारखी दिसते, की आपण तिच्यासारखे दिसायचो? बसमध्ये ती डोळे ताणून उघडे ठेवून बसली. लॅबचा जिना चढताना मात्र दुसऱ्या मजल्यावर पायांनी असहकार पुकारला. ती पायरीवर टेकली, डोकं भिंतीला लावलं, डोळे मिटले. वरून पॉलिशच्या मशीनची घरघर येत होती. अंग हलकं झालं.

जिन्यातलं ऊन दोन पायऱ्या सरकलं तेव्हा ती दचकून उठली आणि कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढली.

लॅबमध्ये नेहमीचा प्लास्टरचा आणि तापलेल्या मेणाचा वास होता. तिचं स्टूल रिकामं होतं. टेबलावरचा छोटा स्टोव्ह जळत होता, आणि साच्यावर अर्धवट चढवलेली हिरडी होती. मालक मशीनपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी मान वळवली.

"आलात? पाणी प्यायला एवढा वेळ?" मग त्यांची नजर काठीवर गेली. "हे काय? आत्ता तर नीट होतात!"

मेणबाई स्टुलावर बसली. स्टूल उबदार होतं. मेण अजून मऊ होतं आणि त्यावर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. एकेका दातावरून तिने नजर फिरवली. काम सुरेख होतं. इतकं सुरेख तिला तब्येत धडधाकट असतानाही दर वेळी जमत नसे. तिने सुरी उचलली, मेणाला लावली, आणि सुरी अशी घसरली की पुढची सगळी कड उखडली गेली.

मालक शेजारी येऊन उभे राहिले. ते भले गृहस्थ होते, रागावले नाहीत. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "आज घरी जा. उद्या पहिल्यासारख्या या."

पहिल्यासारख्या. म्हणजे त्यांना हवी होती ती दुसरी. मेणबाईला ते वाक्य सुरीपेक्षा जास्त लागलं. पण परतीच्या बसमध्ये तिच्या मनात सगळं स्वच्छ मांडलं गेलं. आपण चाललो, उभे राहिलो, धडपडलो की ती नसते. आपण निवांत टेकलो की ती उठते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली विश्रांती आपण घेतो खरी, पण ती अंगी लागते दुसऱ्याच कुणाच्या तरी.

५

त्या सफरीने मेणबाईला असं आडवं केलं की दिवस कुठला आणि वार कुठला याचा पत्ता लागेना. पडून असूनही हे पडणं निराळं होतं. आत कण्हणं, तळमळणं, कूस बदलणं. शांतता म्हणून नव्हतीच. आणि घरही जणू आडवं झालं. फाटकाशी कुणी गेलं नाही. चिमणीच्या केसांच्या पुन्हा झिंज्या झाल्या. लॅबमधून फोन आले, ते नवऱ्याने घेतले. त्याच्या आवाजातला आनंद हळूहळू विरला, आणि मग एका सकाळी बाहेरून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो कधी भांडी आपटत नसे.

चिमणी दारात येऊन उभी राहिली.

"आई."

"ये ना गं आत."

ती आत आली नाही. चौकटीला नखाने कोरत राहिली. "आई, तू झोप ना."

"झोपलेच आहे की राणी."

"अशी नाही." पोरीने मान हलवली. "त्या दिवशी झोपली होतीस तशी. नीट झोप."

या पोरीला किती कळलं होतं, काय कळलं होतं, हे विचारायचं मेणबाईच्या जिवावर आलं. तिने रागवायला हवं होतं. तिला रडू आलं, आणि रडू आवरताना लक्षात आलं की आपण या लेकरासाठी वर्षभर हेच तर मागत होतो. पाठंगुळी, वेण्या, लालेलाल गाल. मिळालं होतं. फक्त आपल्या हातून नाही.

"बरं," ती म्हणाली. "जा तू. लावून घे दार."

तिने कण्हणं थांबवलं. हात अंगालगत सरळ ठेवले, जबडा सैल सोडला. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं, अगदी नीट. अंग हलकं व्हायला वेळ लागला नाही. दरवेळी वाटायचं तसंच बरं वाटलं. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. या वेळी ती खाली गेली नाहीत, वर आली. कडी वाजली, दार उघडलं, आणि चिमणी आनंदाने किंचाळत धावत सुटली.

६

त्यानंतर मेणबाईने उठायचं हळूहळू सोडलं. म्हणजे तसं ठरवलं नाही. आज चिमणीची सहल आहे, आज नको. आज नवऱ्याचा वाढदिवस आहे, आजच्या दिवस नको. भिंतीपलीकडे घर पुन्हा वाजतं झालं होतं. कुकरची शिट्टी, पाढे, नवऱ्याची चेष्टामस्करी आणि त्यात एक हसू, जे तिने कुठेही ओळखलं असतं. शब्द मात्र त्या बाईचे कधीच अडत नव्हते. मेणबाई कान देऊन ऐकायची. ऐकण्यात तिला गोडीच लागली होती. आणि आपलं अंग आता दुखत नाही, हे ध्यानात यायलाही तिला बरेच दिवस लागले. भूकही लागत नव्हती.

सासरे सुरुवातीला रोज खुर्ची टाकून बसायचे. "सूनबाई?" म्हणून हळूच हाक मारायचे, आणि ती "अं" म्हणायची. एका दुपारी त्यांनी हाक मारली, तिने "अं" म्हटलं, आणि त्यांनी ऐकूच न आल्यासारखी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

एका रविवारी दुपारी सगळे दारापाशी आले.

"आता तू बरी झालीस, तर ही खोली चिमणीला देऊन टाकू," नवरा म्हणत होता. "किती दिवस बंद ठेवायची?"

"राहू द्या की," सासऱ्यांचा आवाज आला. "एवढी काय घाई आहे?"

"बाबा, त्या आजारपणाची आठवण कशाला जपायची? काय गं?"

"हो," मेणबाईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "देऊया."

उठायला हवं होतं. आता, या घटकेला. तिच्यात तेवढं बळ होतं, इतके दिवस साठलेलं. एकदा उठून बसलं की पुरे, दाराबाहेरचा तो आवाज मेणावरच्या ठशासारखा मागे राहील आणि बाई नाहीशी होईल. तिने कोपर टेकवलं. मग दार उघडलं. पडदा सर्रकन ओढला गेला आणि उजेड डोळ्यांत घुसला.

"अय्या, केवढी मोठी आहे!" चिमणी ओरडली. तिने खोलीभर नजर फिरवली, पलंगावरूनही फिरवली. आणि मग धावत आली, बेधडक, पाय आपटत, आणि तिने पलंगावर उडी मारली.

मेणबाईच्या पोटावर, छातीवर, मांड्यांवर ते वजन आदळलं. गरम, घामट, धापा टाकणारं. वेणीचं टोक तिच्या गळ्यावर आलं. चिमणी तिच्या अंगावर उताणी पडून छताकडे बघत हसत होती, आणि तिच्या पाठीखाली कुणी आहे याचा तिला मागमूसही नव्हता.

उजेडाला सरावलेल्या डोळ्यांनी मेणबाईने दाराकडे पाहिलं. नवऱ्याच्या खांद्यामागे ती उभी होती. चेहऱ्याचा अर्धाच भाग दिसत होता. दाराला धरलेल्या बोटांच्या नखांत मेण होतं. ती खोलीकडे बघत नव्हती, चिमणीकडेही बघत नव्हती. ती थेट मेणबाईच्या डोळ्यांत बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मेणबाईला नीट वाचता आलं नाही. भीतीच असावी.

"चिमणे, तिथे नको गं नाचू," ती म्हणाली. "उतर खाली."

"का?"

"असंच."

"थांब ना, किती मऊ आहे इथे!"

मेणबाईने टेकवलेलं कोपर हळूच काढून घेतलं, आणि पोरगी उतरेपर्यंत ती तशीच निश्चल पडून राहिली.